थंडीत न हलणारा ट्रॅक्टर : दोष थंडीचा की पाण्याचा?

यंत्रांविषयी लिहिण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला शिक्षणाने मिळालेला नाही. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. प्रसिद्धीच्या कामानिमित्त गावोगाव हिंडणे, पाहणे व ऐकणे एवढेच आमचे भांडवल. तथापि काही वर्षांपूर्वी जानेवारीतील एका रात्री ग्वाल्हेरच्या परिसरातील एका गावी जे पाहिले, त्याने या विषयाची जिज्ञासा निर्माण झाली. पुढे जाणत्या मिस्त्रींकडून व कृषि-अभियंत्यांकडून जे समजून घेतले, ते शेतकरी बंधू, ग्रामपातळीवरील अधिकारी आणि शिक्षक यांच्यासाठी येथे क्रमाने मांडीत आहोत.

त्या दिवशी आकाश निरभ्र होते. वारा सायंकाळीच पडला होता आणि हवामान खात्याने दहिवराचा इशारा दिला होता. आपल्या उत्तर भागात ज्याला 'पाला मारणे' म्हणतात, तेच हे संकट. फुलोऱ्यात आलेला वाटाणा, बटाटा किंवा हरभरा एका रात्रीत काळवंडून जातो. अशा रात्री शेताला हलके पाणी द्यावे, असा कृषि-तज्ज्ञांचा सल्ला असतो. कारण ओली जमीन कोरड्या जमिनीपेक्षा अधिक उष्णता साठवते आणि रात्रभर सावकाश सोडीत राहते. आम्ही ज्या गृहस्थांकडे उतरलो होतो, त्यांचे मराठी कुटुंब संस्थानी काळापासून तेथे स्थायिक आहे. त्यांचा वाटाण्याचा मळा घरापासून पाऊण कोसावर. वीज गेलेली. पाणी द्यायचे तर ट्रॅक्टर शेतावर नेऊन त्यावर पंप चालविणे एवढाच उपाय. ट्रॅक्टर जुना, पण इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले. गिअर पडला, क्लच सोडला. इंजिनाचा आवाज दबला, ट्रॅक्टर थरथरला आणि बंद पडला. पुन्हा सुरू केले, पुन्हा तेच.

दहा मिनिटांत अंगणात दहा माणसे आणि दहा मते जमली. थंडीने ऑइल गोठले, असे एकजण म्हणाला. खाली शेकोटी पेटवा, असे दुसऱ्याने सुचविले. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने साखळी बांधून ओढा, असा तिसऱ्याचा आग्रह. अखेर शेजारच्या गावचे एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांनी ट्रॅक्टरला हातही न लावता आपल्या हिंदीत एकच प्रश्न विचारला : हा शेवटचा धुतला कधी? उत्तर आले, परवा, कालव्यावर. आणि धुऊन आणल्यावर ब्रेक लावून उभा केला, तो आजच काढला. मिस्त्रींनी मान डोलावली. जॅकने डावे मागचे चाक उचलले; ते जागचे हलेना. ब्रेकच्या ड्रमवर लाकडी हातोडीने चहूबाजूंनी हलके ठोके देताच आत चिकटलेले शू सुटले आणि चाक फिरू लागले. परंतु तोवर रात्रीचे अकरा वाजून गेले होते. पहाटेपर्यंत अर्ध्याच मळ्याला पाणी मिळाले. चौथ्या दिवशी त्या शेतात पाणी पोचलेल्या आणि न पोचलेल्या भागांतील सीमारेषा डोळ्यांनी दिसत होती.

दोन पैशांचाही सुटा भाग बदलावा लागला नाही. नुकसान झाले ते परीक्षेचा क्रम ठाऊक नसल्यामुळे गेलेल्या तीन तासांचे.

थंडी नेमके काय करते?

आपल्या राज्यात, विशेषतः ग्वाल्हेर-चंबळ विभागात, जानेवारीत किमान तापमान अनेकदा ५ अंश सेल्सिअसच्या खाली जाते. तथापि वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झाकलेल्या पेटीत असतो. निरभ्र आकाशाखाली उघड्यावर उभे असलेले लोखंड आपली उष्णता आकाशाकडे सोडीत राहते व भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी अधिक थंड होते. म्हणूनच तापमापक ३ अंश दाखवीत असताना गवतावर व ट्रॅक्टरच्या पत्र्यावर पांढरे दहिवर जमलेले दिसते.

या थंडीने पुढील गोष्टी घडतात. गिअरपेटीतील ऑइल दाट होते व गिअरचा दांडा जड पडतो. बॅटरीची शक्ती घटते. डिझेलमधील मेणासारखा अंश वेगळा होऊ लागतो. हवेतील बाष्प थंड लोखंडावर पाण्याच्या रूपाने जमते. मात्र हे नीट लक्षात घ्यावे की, आपल्या मैदानी भागातील थंडीने केवळ ऑइल दाट होऊन चांगला ट्रॅक्टर जागच्या जागी जखडला जात नाही. तो जड चालेल, कुरकुरेल, पण चालेल. तो मुळीच हलत नसेल, तर बहुधा कोठेतरी पाणी शिरलेले असते, गंज धरलेला असतो किंवा झीज झालेली असते. थंडी केवळ तो दोष उघड करते.

हिमाचल प्रदेश, काश्मीर, लडाख येथील गोष्ट निराळी. तेथे पाणी खरोखर गोठते आणि गोठताना आकारमानाने सुमारे ९ टक्के वाढते. या वाढीचा जोर एवढा असतो की, ओतीव लोखंडही तडकते.

इंजिनाचा आवाज हीच पहिली साक्ष

ट्रॅक्टर 'चालत नाही' या एकाच वाक्यात लोक तीन वेगळे दोष सांगतात. इंजिन फिरतच नाही, हा पहिला. तो बहुतेक वेळा बॅटरी, तिच्या तारांचे सांधे किंवा सेल्फ यांचा. त्याचा विचार येथे करावयाचा नाही. इंजिन सुरू होते पण भार घेत नाही, हा दुसरा. आणि इंजिन उत्तम चालते पण चाके हलत नाहीत, हा तिसरा.

इंजिन सुरू करून, मोकळ्या सपाट जागी, पुढे-मागे कोणी उभे नाही हे पाहून गिअर टाकावा आणि क्लच सावकाश सोडावा. मग कान द्यावा.

आवाज दबून इंजिन बंद पडू लागले, तर शक्ती चाकांकडे जात आहे, पण पुढे काहीतरी अडकले आहे. ब्रेक चिकटला असेल किंवा गिअरपेटीत काही जखडले असेल.

आवाजात काहीही फरक पडला नाही आणि ट्रॅक्टर स्वस्थ उभा राहिला, तर शक्ती चाकांपर्यंत पोचतच नाही. क्लच घसरत आहे, गिअर खरोखर पडलेला नाही किंवा आतला एखादा दांडा तुटला आहे.

क्लच पूर्ण दाबूनही गिअर कर्रकर्र करीत पडत नसेल, तर क्लच सुटत नाही.

एक खबरदारी घ्यावी. इंजिन दबते ते अडकल्यामुळे की डिझेल कमी पडल्यामुळे, हे आधी पाहावे. गिअर काढून वेग वाढवावा. मोकळे असतानाही इंजिन अडखळत असेल, तर दोष डिझेलचा फिल्टर, नळी किंवा नळीत शिरलेली हवा यांत शोधावा. भारतीय मानकानुसार हिवाळी डिझेलचा प्रवाहबिंदू कमाल ३ अंश, तर उन्हाळी डिझेलचा कमाल १५ अंश सेल्सिअस असतो. उन्हाळ्यात भरून ठेवलेल्या पिंपातील डिझेल जानेवारीत का दगा देते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. लडाखसारख्या प्रदेशासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंश प्रवाहबिंदूचे खास हिवाळी डिझेल आणले, ते याच कारणासाठी.

परीक्षेचा क्रम

सोप्यापासून कठिणाकडे, बाहेरून आत, हा नियम पाळावा.

१. दांडे पाहावेत. अनेक जुन्या ट्रॅक्टरांना गिअरच्या दांड्याखेरीज जलद-मंद गतीचा दुसरा दांडा असतो. तो अधेमधे राहिला, तर मुख्य गिअर पडूनही ट्रॅक्टर हलत नाही. उभे करण्याच्या ब्रेकची खिटी सुटली आहे ना, हेही पाहावे. हा दोष सांगायला कोणालाही संकोच वाटतो. पण तो वारंवार आढळतो.

२. ढकलून पाहावा. इंजिन बंद, गिअर मोकळा, ब्रेक सुटा. सपाट जमिनीवर चार-पाच माणसांनी ट्रॅक्टर ढकलावा. तो हलला, तर चाके व ब्रेक निर्दोष आहेत. दोष क्लच अथवा गिअरपेटीत शोधावा. हलला नाही, तर पुढील पायरीकडे जावे.

३. एकेक चाक उचलावे. उरलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत, जॅक भक्कम फळीवर बसवावा, उचललेल्या भागाखाली लाकडी आधार द्यावा आणि मगच हाताने चाक फिरवून पाहावे. जे चाक फिरत नाही, त्याचा ब्रेक चिकटला आहे, असे बहुधा समजावे. इंजिन चालू असताना एक मागचे चाक जागीच गरगरते आणि दुसरे स्तब्ध राहते, ही त्याचीच दुसरी खूण. डिफरन्शियलच्या रचनेमुळे शक्ती मोकळ्या चाकाकडे वळते आणि स्तब्ध चाक हेच गुन्हेगार असते. ड्रमवर लाकडी हातोडीचे हलके ठोके द्यावेत. ब्रेक सुटला म्हणजे काम संपले नाही. सवड होताच ड्रम उघडून गंज साफ करावा व पाणी कोठून शिरते ते पाहावे. ब्रेकच्या अस्तरावर ऑइल कधीही सोडू नये. चिकटलेला ब्रेक सुटेल, पण हवा तेव्हा लागणार नाही.

४. क्लचच्या पायटीची मोकळी चाल पाहावी. पायटी हाताने दाबली असता प्रथम थोडी सैल जाते आणि मग जोर लागतो. ही सैल चाल मुळीच नसेल, तर क्लच पूर्ण बसत नाही व घसरतो; वाजवीपेक्षा अधिक असेल, तर पूर्ण सुटत नाही. किती असावी, हे प्रत्येक ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. चाल योग्य असून क्लच घसरत असेल, तर प्लेट झिजली असेल किंवा तिच्यावर इंजिनाचे ऑइल गळत असेल. ते मिस्त्रीचे काम.

५. चिकटलेला क्लच. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटून बसते. गिअर मोकळा ठेवून इंजिन अर्धा तास चालवावे, म्हणजे आतला भाग तापतो. मग इंजिन बंद करून पायटी दाबावी व लाकडी ठोकळ्याने तशीच काही तास अडकवून ठेवावी. पुष्कळदा एवढ्याने प्लेट सुटते. न सुटल्यास गिअरमध्ये ठेवून सेल्फ मारण्याचा मोह धरू नये. क्लच सुटलेला नसल्याने ट्रॅक्टर त्याच क्षणी उडी घेतो.

६. शेवटी गिअरपेटी. हिचा विचार स्वतंत्रपणे करणे अवश्य आहे.

गिअरपेटीतील पाणी

१९७१ मध्ये पिंजोर येथील एच. एम. टी. कारखान्यातून झेटॉर बनावटीचे ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. तो कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. परंतु त्या व त्या काळच्या इतर बनावटींचे कितीतरी ट्रॅक्टर आजही राबत आहेत. इतक्या वर्षांत गिअरच्या दांड्याच्या बुडाशी असलेली रबरी टोपी फाटते. ट्रॅक्टर पावसात उघडा उभा असला, किंवा जोराच्या पाण्याने धुतला, म्हणजे पाणी तेथून थेंबाथेंबाने आत उतरते. शिवाय दिवसा तापलेली पेटी रात्री थंड होताना बाहेरची दमट हवा आत ओढते आणि तिच्यातील बाष्प आतल्या भिंतींवर जमते. फार थोडा वेळ चालणाऱ्या ट्रॅक्टरची पेटी पुरेशी तापत नाही. त्यामुळे हे पाणी वाफ होऊन निघून जात नाही.

पाणी ऑइलपेक्षा जड. ते तळाशी बसते. चालत्या ट्रॅक्टरात दोन्ही घुसळून ऑइल दुधाळ दिसते. हायड्रॉलिक लिफ्ट ज्या पेटीतील ऑइलवर चालते, तिचे ऑइल मोजपट्टीवर ताकासारखे दिसले, तर दुसरा पुरावा नको. कित्येक जुन्या बनावटींत गिअर, डिफरन्शियल आणि लिफ्ट यांचे ऑइल एकच असते व लिफ्टचा पंप त्याच पेटीच्या तळाशी असतो. थंड मुलखात तळाचे पाणी गोठले, की दाते बर्फात रुतून बसतात. अशा वेळी इंजिनाच्या जोराने ट्रॅक्टर सोडविण्याचा प्रयत्न केला, तर बर्फ फुटण्याऐवजी दाता किंवा पंपाचा दांडा तुटतो. शंभर रुपयांचे रबर न बदलल्याची ही किंमत.

परीक्षा सोपी आहे. ट्रॅक्टर रात्रभर स्थिर उभा ठेवावा आणि सकाळी तळाचा ड्रेन प्लग थोडा सैल करावा. पाणी असेल, तर ते प्रथम येईल. प्लग पूर्ण काढूनही काहीच येत नसेल, तर तळाशी बर्फ वा घट्ट गाळ आहे, असे समजावे. मग ट्रॅक्टर उन्हात किंवा बंदिस्त छपरात ठेवून, ताडपत्रीने झाकून आपोआप सुटू द्यावा. दुपार होईपर्यंत धीर धरणे हाच येथे खरा उपाय. सुटल्यावर सर्व ऑइल काढून पेटी स्वच्छ करावी, पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे नवे ऑइल भरावे आणि फाटकी टोपी त्याच दिवशी बदलावी. केवळ ऑइल बदलून टोपी तशीच ठेवणे म्हणजे गळक्या छपराखाली घर सारवणे होय.

हे कदापि करू नये

ट्रॅक्टरखाली शेकोटी पेटवू नये. जुन्या यंत्राचा तळ ऑइल व डिझेलने माखलेला असतो.

थंडगार लोखंडावर किंवा गोठलेल्या रेडिएटरवर उकळते पाणी ओतू नये; अचानक प्रसरणाने तडा जातो.

बंद खोलीत इंजिन तापत ठेवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला वास नाही, रंग नाही. तो झोपेतच प्राण घेतो.

मागची चाके चिखलात रुतली असता किंवा जमिनीला गोठून चिकटली असता त्यांच्यापुढे ओंडके अडकवून, खालच्या गिअरमध्ये एकदम क्लच सोडू नये. चाके फिरू शकली नाहीत, तर तोच जोर ट्रॅक्टरचे तोंड वर उचलतो आणि तो मागे उलटतो. हे सर्व इतक्या थोड्या अवधीत घडते की, चालकाला क्लच दाबण्याइतकाही वेळ मिळत नाही.

चाकाशेजारी जमिनीवर उभे राहून सेल्फची टोके पान्याने जोडू नयेत. गिअर पडलेला असेल, तर पहिले चाक त्याच माणसावरून जाते.

ओढण्याची वेळ आलीच, तर साखळी ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या ड्रॉबारलाच, खाली बांधावी. आणि मुख्य म्हणजे, ब्रेक जखडलेला किंवा पेटी गोठलेली असताना ट्रॅक्टर मुळीच ओढू नये.

हिवाळ्यापूर्वीची आठ कामे

दिवाळी झाली की एक सकाळ या कामांसाठी राखून ठेवावी.

१. गिअरपेटीच्या तळाचे पाणी तपासावे. २. दांड्याची रबरी टोपी पाहावी. ३. डिझेलच्या टाकीतील व फिल्टरमधील पाणी काढावे आणि संध्याकाळी टाकी भरून ठेवावी, म्हणजे रिकाम्या जागेत बाष्प जमणार नाही. ४. बॅटरीची टोके साफ करावीत; पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. ५. क्लचची मोकळी चाल जुळवावी. ६. ट्रॅक्टर धुतल्यावर थोडे चालवून, ब्रेक हलकेच लावीत ते सुकवावेत; आणि ओला ट्रॅक्टर ब्रेक लावून नव्हे, तर ठोकळे लावून उभा करावा. ७. महिनाभर किंवा अधिक काळ उभा राहणार असेल, तर क्लचची पायटी दाबून ठोकळ्याने अडकवावी व तशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधावी. ८. जेथे पाणी गोठण्याचा संभव आहे, तेथे रेडिएटरमध्ये गोठणरोधक द्रव घालावा किंवा रात्री रेडिएटर व इंजिन या दोहोंचे पाणी सोडावे. हा द्रव चवीला गोड पण विषारी असतो. तो गुरे, कुत्री व मुले यांच्यापासून दूर ठेवावा.

शिक्षकांसाठी एक पाठ

हा विषय वर्गात सहज दाखविता येतो. काचेच्या बाटलीत थोडे पाणी व त्यावर जुने ऑइल घ्यावे. बाटली हलवावी, दुधाळ रंग दिसेल. ती रात्रभर ठेवावी. बरेचसे पाणी तळाशी उतरलेले दिसेल. दुसऱ्या प्रयोगात प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी काठोकाठ भरून, बूच लावून ती शीतपेटीत ठेवावी. फुगलेली बाटली पाण्याचे प्रसरण सांगेल. काचेची बाटली या प्रयोगास कदापि वापरू नये. त्यानंतर पुढील प्रश्न विचारावेत :

१. तापमापक ३ अंश दाखवीत असता पत्र्यावर दहिवर का जमते?
२. क्लच सोडल्यावर इंजिनाचा आवाज बदलत नाही, यावरून काय कळते?
३. एक चाक फिरते, दुसरे फिरत नाही. दोष कोणत्या बाजूस शोधावा?
४. ऑइल काढताना पाणी प्रथम का येते?

ज्यांना या विद्येचे रीतसर शिक्षण हवे असेल, त्यांच्यासाठी आपल्या राज्यातच सीहोर जिल्ह्यात बुधनी येथे १९५५ साली स्थापन झालेली केंद्रीय कृषि-यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था आहे. ग्रामीण कृषिविस्तार अधिकाऱ्यांनी आपल्या गावातील एखाददुसऱ्या होतकरू तरुणास तेथील अभ्यासक्रमांची माहिती अवश्य द्यावी.

त्या रात्रीनंतर आम्ही त्या गावी पुन्हा गेलो, तेव्हा ट्रॅक्टरच्या छपराच्या खांबाला खिळ्याने अडकविलेले दोन लाकडी ठोकळे दिसले. आता ब्रेक लावून ठेवीत नाही, एवढेच ते गृहस्थ म्हणाले. पुढच्या थंडीत त्यांच्या संपूर्ण मळ्याला पाणी मिळाले.